अपग्रेड आत्ता की पुढच्या वर्षी?

आयटी सर्व्हिस मॅनेजमेंटचं, म्हणजे कंपनीतल्या कम्प्युटरच्या तक्रारी आणि बदलांच्या मागण्या हाताळायचं सॉफ्टवेअर अपग्रेड करायचा विषय निघाला की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: चाललंय ना, मग हात कशाला लावा? हे निव्वळ आळसातून येत नाही. खरी अडचण कस्टमायझेशनची, म्हणजे आपल्या सोयीसाठी सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या फेरफारांची. कुणीतरी पाच वर्षांपूर्वी चेंज रिक्वेस्टच्या (बदलाच्या मागणीच्या) फॉर्मवर स्क्रिप्ट लिहिली, तो माणूस नोकरी सोडून गेला आणि आता ती काढली तर काय बंद पडेल हे कुणालाच ठाऊक नाही. सर्व्हिसनाऊ हे अशाच कामाचं एक सॉफ्टवेअर. ते अपग्रेडच्या वेळी असे बदललेले रेकॉर्ड (फॉर्म, स्क्रिप्ट वगैरे) वगळतं आणि त्यांची यादी हातात देतं. मग एकेक उघडून ठरवत बसायचं, आपलं ठेवायचं की नवं घ्यायचं. ईमेल, मॉनिटरिंग (यंत्रणांवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) यांच्याशी असलेली इंटिग्रेशन्स, म्हणजे जोडण्या, तपासायची ती वेगळीच.

थांबलं तर यंदाचं बजेट वाचतं आणि तक्रारी घेणाऱ्या सर्व्हिस डेस्कवाल्यांना नवा स्क्रीन शिकावा लागत नाही. बस्स, एवढंच. सर्व्हिसनाऊच्या वर्षाला साधारण २ मोठ्या आवृत्त्या येतात, त्यामुळे थांबलं तरी तपासायचं काम साचतच जातं. स्वतःच्या सर्व्हरवर चालवणाऱ्यांना तर तारीखच गाठते. अॅटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीनं आपल्या सर्व्हर उत्पादनांचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ रोजी थांबवला, म्हणजे सुरक्षेचे पॅचही (दुरुस्त्या) बंद.

वेळच्या वेळी अपग्रेड करणारे फार धाडसी असतात असं मला वाटत नाही. त्यांनी मुळात फॉर्मची मोडतोडच कमी केलेली असते.