अंगावर फोड, साल सुटतेय: आत्ताच हॉस्पिटल की सकाळी ओपीडी?

फोडाच्या आकारावरून हा निर्णय घेऊ नका. टरटरून फुगलेला फोड बघून घरच्यांना घाम फुटतो, पण अशा रुग्णाच्या हाताशी बऱ्याचदा एखाद-दोन दिवस असतात. उलट फोड जवळजवळ नाहीत, नुसते डाग आहेत, पण कपडा लागला तरी अंगाची आग होते आणि डोळे लाल झालेत, अशा माणसाने सकाळची वाट बघू नये. विचारायचं ते इतकंच: किती झपाट्याने वाढतंय, खाजतंय की दुखतंय, आणि तोंड, डोळे किंवा लघवीच्या जागी काही आहे का?

सगळ्यात घातक म्हणजे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम आणि टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस. आजार एकच, फरक विस्ताराचा. अंगावरची १० टक्क्यांहून कमी त्वचा सुटली तर पहिलं नाव, ३० टक्क्यांच्या वर गेली तर दुसरं; मधल्यांना दोन्ही. मोठ्या माणसांत कारण बहुतेक वेळा औषधच: आकडीसाठी दिलेलं कार्बामाझेपिन, फेनिटॉइन किंवा लॅमोट्रिजिन, युरिक अ‍ॅसिडसाठीचं अ‍ॅलोप्युरिनॉल, सल्फा गटातली अँटिबायोटिक्स. फसगत होते ती तारखांमुळे. त्रास साधारण पहिल्या ते चौथ्या आठवड्यात, कधी आठव्यापर्यंतही सुरू होतो. त्यामुळे ‘ही गोळी तर तीन आठवडे चालू आहे, काही झालं नाही’ हे वाक्य दिलासा देणारं नाही, उलट संशय वाढवणारं आहे.

सुरुवात फ्लूसारखी: ताप, घसादुखी, डोळ्यांची चुरचुर. एक ते तीन दिवसांत छाती आणि चेहऱ्यावर डाग उठतात. सावळ्या त्वचेवर ते लाल न दिसता जांभळट-काळपट दिसतात, म्हणून ‘लाली नाही’ यावर विसंबू नका. ओठांवर रक्ताळलेल्या खपल्या धरतात आणि पुढे साल ओल्या कागदासारखी सरकते. ती सरकते का हे घरी चोळून बघू नका, ते काम डॉक्टरांचं. पहिल्या प्रकारात दहातला सुमारे एक रुग्ण दगावतो, दुसऱ्यात जवळजवळ तिघांतला एक. वाचलेल्यांना डोळ्यांचा त्रास कायमचा राहू शकतो.

याच्या शेजारी बुलस पेम्फिगॉइड ठेवून बघा. रुग्ण बहुधा सत्तरीच्या पुढचा. आधी कित्येक आठवडे नुसती खाज, मग घट्ट, सहज न फुटणारे फोड. तोंड बहुतेकदा वाचलेलं. पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्ये चित्र उलटं: माणूस मध्यमवयीन, फोड इतके लेचेपेचे की दिसतात त्या फक्त उघड्या जखमा, आणि सुरुवात तोंडातून. ‘तोंड आलंय’ म्हणून लोक महिनोन् महिने जेल लावत बसतात. दोन्हींत त्वचारोगतज्ज्ञ एक-दोन दिवसांत गाठावा, बायोप्सी लागते. पण ताप आला, पाणीही गिळवेना किंवा फोड झपाट्याने पसरू लागले, तर तिथेही रात्र काढायची नाही.

लहान मुलांत, विशेषतः पाच-सहा वर्षांखालच्या, स्टॅफिलोकॉकल स्काल्डेड स्किन सिंड्रोम होतो. जंतूच्या विषामुळे त्वचेचा अगदी वरचा थर सुटतो. मूल उचलून घेतलं की रडतं, तोंडाभोवती खपल्या, काख-मान-जांघेत साल निघालेली; तोंडाच्या आतलं अस्तर मात्र शाबूत. स्टीव्हन्स-जॉन्सनशी हाच महत्त्वाचा फरक. अँटिबायोटिक्सनी मूल सहसा डाग न राहता बरं होतं, तरी नेण्याची घाई तेवढीच.

नागीण ओळखणं सोपं: एकाच बाजूला, पट्ट्यात, दुखरे फोड. विषाणूविरोधी गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर चांगलं. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी दाखवा. उन्हाने सोललेली पाठ दुर्लक्षित केली तरी चालेल, अर्थात ताप नसेल तर.

निघताना फोड फोडू नका, हळद-टूथपेस्ट लावू नका, स्वच्छ सुती कापडात झाका. संशय असलेल्या औषधाचा पुढचा डोस घेऊ नका. आकडीची गोळी असेल तर ती अचानक थांबल्याने झटका येऊ शकतो; पर्याय हॉस्पिटलातच ठरतो, म्हणून तिथे पोचायला उशीर नको. गेल्या दोन महिन्यांतल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, दुकानातून परस्पर आणलेल्यांचीही, सुरू केल्याच्या तारखांसकट सोबत न्या.