जुन्या कर्नलची साफसफाई : एपीटी ऑटोरिमूव्ह, 5 पैकी 4 स्टार

अपडेट चालू असताना मध्येच 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' आलं की आधी आपण होम फोल्डरमधले मोठे व्हिडिओ उडवायला लागतो, मीपण तेच केलं, आणि काहीच फरक पडला नाही. कारण भरलं होतं ते बूट पार्टिशन, म्हणजे मशीन सुरू करायला लागणाऱ्या फायलींचा डिस्कवरचा वेगळा भाग. डिस्क एन्क्रिप्ट करून उबुंटू लिनक्स टाकलं असेल तर बूट वेगळं आणि छोटं असतं, आणि प्रत्येक जुना कर्नल (लिनक्सचा गाभा, अपडेटने नवा आला तरी जुना राहतो) तिथे चार फायली ठेवून बसतो : व्हीएमलिनझ, इनिटआरडी, सिस्टिम मॅप आणि कॉन्फिग. त्यातली इनिटआरडी सगळ्यात जास्त जागा खाते.

तेव्हा घाईत मी दोन जुन्या कर्नलच्या फायली आरएम या फाइल पुसायच्या कमांडने हाताने उडवल्या. कृपया हे करू नका. जागा झाली खरी, पण डीपीकेजीच्या, म्हणजे इन्स्टॉल केलेल्या पॅकेजेसची नोंद ठेवणाऱ्या टूलच्या, हिशोबात ते कर्नल अजून इन्स्टॉलच होते, म्हणजे पॅकेज आहे आणि फाइल नाही असा घोळ, तो निस्तरायला अख्खी संध्याकाळ गेली.

ऑटोरिमूव्ह, म्हणजे एपीटी या पॅकेज टूलची आता गरज नसलेली पॅकेजेस काढणारी कमांड, हे काम नीट करतं. चालू असलेल्या कर्नलला हात लावत नाही, सगळ्यात नवा ठेवतो आणि सहसा त्याच्या आधीचा एकही ठेवतो, म्हणजे नवा बूट झाला नाही तर ग्रबच्या (मशीन सुरू होताना कर्नल निवडून देणारा प्रोग्राम) मेनूतून जुन्यावर जाता येतं. बाकीच्यांची हेडर्स, मॉड्यूल्स (ड्रायव्हरसारखे कर्नलचे जोडभाग) सगळं बरोबर काढतो आणि ग्रबचा मेनूही स्वतःच अपडेट होतो. या बाबतीत माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसलाय.

एक स्टार कापला तो उरलेल्या कचऱ्यासाठी. नुसतं ऑटोरिमूव्ह चालवलं तर पॅकेज जातं पण त्याची कॉन्फिगरेशन मागे राहते, डीपीकेजीच्या यादीत अशा नावांपुढे 'आरसी' दिसतं, आर म्हणजे रिमूव्ह केलेलं आणि सी म्हणजे कॉन्फिग फायली शिल्लक. बरीच वर्षं चाललेल्या मशीनवर ही यादी चांगलीच लांब होते. म्हणून कमांड चालवताना मागे दोन डॅश देऊन पर्ज (कॉन्फिगसकट काढ) जोडा, ही सवयच लावून घ्या. आधीची साठलेली असतील तर एपीटी 2.0 पासून पॅटर्न, म्हणजे नावाऐवजी द्यायच्या शोधखुणा, चालतात, एपीटी लिस्टला अवतरणात टिल्ड आणि सी दिलं की असली सगळी पॅकेजेस दिसतात, यादी नीट वाचायची आणि मगच तोच पॅटर्न एपीटी पर्जला द्यायचा. वाचायची हे मनापासून सांगतोय, कारण त्यात फक्त कर्नलच नसतात, इतर काढलेल्या प्रोग्रामची सेटिंग्जपण असतात.

एवढं करूनही लिबमधल्या मॉड्यूल्स फोल्डरात जुन्या व्हर्जनच्या नावाचं एखादं फोल्डर राहतं, काढताना 'रिकामं नाही म्हणून काढलं नाही' अशी वॉर्निंग येते ती याचीच. आत बहुतेक डीकेएमएसने (प्रत्येक कर्नलसाठी बाहेरचे ड्रायव्हर मशीनवरच बांधणारं टूल) बांधलेलं ग्राफिक्स किंवा वायफायचं मॉड्यूल असतं, ते कुठल्याच पॅकेजचं नसतं म्हणून ऑटोरिमूव्हला दिसत नाही. इथे मात्र हाताने काढायला हरकत नाही, पण आधी यूनेम डॅश आर (छोटा आर) करून चालू व्हर्जन बघा आणि डीपीकेजी डॅश एस (मोठा एस) ला त्या फोल्डरचं नाव देऊन खात्री करा की त्यावर कुठल्या पॅकेजचा हक्क नाही.

आणखी एक अडचण, बूट पूर्ण भरून अपडेट अर्धवट अडकलं असेल तर ऑटोरिमूव्हच चालत नाही, डिपेंडन्सी (पॅकेजेसचं एकमेकांवरचं अवलंबन) तुटल्यात म्हणून आधी त्या दुरुस्त कर म्हणतो आणि दुरुस्तीला जागाच नसते. मग डीपीकेजी पर्जने एक अगदी जुना कर्नल, त्यावर अवलंबून असलेल्या पॅकेजेससकट, नाव देऊन काढावा लागतो, त्यानंतर एपीटीचं फिक्स ब्रोकन (अर्धवट राहिलेलं दुरुस्त करणं) आणि मग ऑटोरिमूव्ह. नवख्या माणसाला हे कसं सुचावं?

फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर हा त्रास कमी आहे, त्याच्या डीएनएफ या पॅकेज टूलमध्ये इन्स्टॉलओन्ली लिमिट डिफॉल्टच 3 असते, चौथा कर्नल आला की सगळ्यात जुना आपोआप जातो. उबुंटूवाल्यांनी एवढं बघा की एखादा कर्नल तुम्ही स्वतः नाव देऊन इन्स्टॉल केलाय का, तसा असेल तर तो मॅन्युअल म्हणून नोंदलेला असतो आणि ऑटोरिमूव्ह त्याला काढत नाही. एपीटी मार्कच्या शोमॅन्युअलमध्ये तो सापडेल, माझ्याकडे असे दोन निघाले.