टॅबमध्ये काय टाकावं: ऐकणारं अ‍ॅप की गोष्टींचा साठा?

शाळेला टॅब मिळाले की पुढचा प्रश्न ठरलेला: वाचनासाठी त्यात टाकायचं काय? एक तर मूल मोठ्यानं वाचत असताना चुकलेला शब्द दाखवणारं ऐकणारं अ‍ॅप, नाहीतर स्टोरीवीव्हरसारखा गोष्टींचा साठा. सांगली जिल्ह्यात, कर्नाटक सीमेलगत असलेल्या जतच्या पूर्व भागातल्या आमच्या द्विशिक्षकी शाळेत मी दोन्ही वापरलंय.

वर्गात तोंड न उघडणारं मूल ऐकणाऱ्या अ‍ॅपसमोर बिनधास्त वाचतं, हे खरं. जोडाक्षरांशी अडखळणाऱ्यांना घरी पालकांच्या फोनवर द्यायला ते उत्तमच.

वर्गात मात्र माझं गाडं एका गोष्टीवर अडलं. आमची बरीच मुलं घरी कन्नड बोलतात. तिसरीतली एक मुलगी 'भाकरी'ला 'बाकरी' म्हणायची. वाक्य तिला कळलं होतं, मी तिला पुढं जाऊ दिलं असतं. अ‍ॅप अडून बसलं. तिनं आवाज चढवला, तर शेजारच्या टॅबवरच्या पोराचं वाचन त्यात मिसळलं आणि पुन्हा शब्द चूक. हळूहळू ती एकेक शब्द सुटा, ठासून म्हणायला लागली. शब्द बरोबर येऊ लागले, पण गोष्टीत काय झालं विचारलं की गप्प! निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्दांचं उद्दिष्ट आहे, पण अर्थासह. तो अर्थच मला निसटताना दिसला.

स्टोरीवीव्हर हे प्रथम बुक्स या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेनं २०१५ साली सुरू केलं. वाचनाच्या चार पातळ्या आहेत, मराठी आहे, कन्नडही आहे. आमच्याकडे हेच कामाला आलं. गोष्ट आधी कन्नडमध्ये ऐकवायची, मग तीच मराठीत वाचायला द्यायची. पुढं काय होणार हे ठाऊक असल्यानं मुलं अडलेल्या शब्दाचा अंदाज बांधून पुढं सरकतात. परवाना खुला असल्यानं आवडलेल्या गोष्टी छापून, दोऱ्यानं शिवून घरीही देता येतात.

अडचण आहेच. चूक सांगणारं तिथं कुणी नाही, शिक्षकाला शेजारी बसावं लागतं. दोघांत चार वर्ग सांभाळताना ते रोज जमत नाही. म्हणून मी जोड्या लावतो: चौथीचं मूल ऐकतं, दुसरीचं वाचतं.

मुलांची घरची भाषा मराठीच असेल, बसायला वेगळी शांत खोली असेल, तर ऐकणारं अ‍ॅप कदाचित तुम्हाला जास्त मानवेल. पण एकाच खोलीत दोन-तीन वर्ग बसत असतील, तर मी आधी गोष्टी भरेन, आणि ते अ‍ॅप पालकांच्या फोनवर टाकून देईन.