पद्मिनीच्या डोअर पॅडच्या क्लिपा आणि स्क्रू : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी पार्किंगमध्ये उभी होती, दाराला कोणी हातही लावलेला नव्हता आणि रात्री साडेदहाच्या सुमारास बंद दारातून ‘टक्’ असा आवाज आला. सकाळी पाहतो तो, आदल्याच दिवशी बसवलेल्या डोअर पॅडचा, म्हणजे दाराच्या आतील बाजूच्या रेक्झिनच्या आच्छादनाचा, खालचा कोपरा पत्र्यापासून बोटभर सुटला होता. पॅड पत्र्याला धरून ठेवणाऱ्या त्या दाराच्या २४ क्लिपांपैकी ९ तीन दिवसांत तुटल्या. तुटलेला भाग उन्हात धरून पाहिला, तर तो कोठेही वाकलेला नव्हता. खडीसाखरेचा खडा फोडल्यावर दिसतो तसा दाणेदार आणि चकाकता होता.

ही गाडी वडिलांनी १९८२ मध्ये घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. रंगकाम आणि सीटचे काम झाल्यावर आतील सामान मूळचेच असावे, असा माझा आग्रह होता. म्हणून जुन्या स्प्रिंग स्टीलच्या क्लिपा फेकून न देता त्यांवरील गंज काढून झिंक प्लेटिंग, म्हणजे जस्ताचा मुलामा, करून घेतले. त्यासाठी ६०० रुपये मोजले आणि आपण पैसे वाचवले, असे मला त्या वेळी मनापासून वाटले होते.

चूक नेमकी तेथेच झाली. गंज उतरवण्यासाठी क्लिपा आम्लात बुडवताना आणि नंतर प्लेटिंग होताना कठीण स्टीलमध्ये हायड्रोजन शिरतो. साध्या खिळ्याचे त्याने फारसे बिघडत नाही; पण सतत ताणाखाली राहणारी स्प्रिंग त्यामुळे ठिसूळ होते आणि काही तासांनी किंवा काही दिवसांनी अचानक तुटते. त्यावर उपाय आहे : प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत भाग भट्टीत घालून १९० ते २२० अंश सेल्सियस तापमानाला कित्येक तास ठेवावे लागतात. माझ्या प्लेटिंगवाल्याने हे केले नाही. विचारल्यावर ‘क्लिपांना कोण भट्टी लावतो’ असे सांगून त्याने पैसे परत करण्यास नकार दिला. त्या उत्तराचा राग मला आजही आहे, कारण चूक कळल्यावर ती मान्य करण्याइतकेही सौजन्य त्याने दाखवले नाही.

मार्चमध्ये वैतागून प्लॅस्टिकच्या क्लिपांचा संच बसवला आणि पहिला महिनाभर तोच सर्वांना सुचवत होतो. किंमत कमी, गंजाची चिंता नाही, पॅडही घट्ट बसतो. ते मत मी आता मागे घेतो. या क्लिपांचे डोके जाड असल्यामुळे पॅड पत्र्याला सपाट टेकत नाही आणि रेक्झिनवर प्रत्येक क्लिपेपाशी एक उंचवटा दिसतो. तिरप्या उन्हात तर सर्व उंचवटे मोजता येतात. मे महिन्यात काच वर-खाली करण्याची यंत्रणा अडकली म्हणून पॅड काढावा लागला, तेव्हा निम्म्याहून अधिक क्लिपांचे दाते सोलून निघाले. पद्मिनीच्या दाराचे काम वर्षातून एकदा तरी निघतेच, हे पद्मिनीवाल्यांना सांगावयास नको. एकदा काढली की संपली, अशी क्लिप या गाडीला परवडत नाही.

शेवटी जुन्या, पण कधीही प्लेटिंगला न गेलेल्या मूळ क्लिपांचा शोध घेतला. कुर्ल्यातील उत्पादन २००० च्या सुमारास थांबले आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सीही राहिली नाही. त्यामुळे सुट्या भागांचा रोजचा व्यवहार आटला असून, जे मिळते ते भंगारात निघालेल्या गाड्यांचे असते. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार घालवल्यावर एका डब्यात मला ४० क्लिपा मिळाल्या. प्रत्येक क्लिप घेण्यापूर्वी तिचे दोन्ही पाय चिमटीत दाबून सोडले. जी पूर्ववत उघडली ती घेतली, जी दबलेलीच राहिली ती परत ठेवली. गंज आम्लाऐवजी तारेच्या ब्रशने आणि रॉकेलने काढला आणि वर गंजरोधक तेलाचा पातळ हात दिला. पूर्ण पावसाळा गेला, एकही क्लिप तुटलेली नाही.

स्क्रूंच्या बाबतीत विक्रेते एकच गोष्ट सांगतात, की एका खाचेचा स्क्रू असला की तो मूळचा. हे खरे नाही. माझ्या गाडीत सन व्हायझरचे कधीही न काढलेले स्क्रू फुलीच्या खाचेचे निघाले. त्यापेक्षा विश्वासार्ह खूण म्हणजे वाटीसारख्या वॉशरने रेक्झिनवर उमटवलेले वर्तुळ. नवा वॉशर त्या वर्तुळावर तंतोतंत बसला, तरच माप बरोबर.

स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणले होते. ते गंजले नाहीत. परंतु त्यांचा करडा रंग शेजारच्या निकेलच्या उबदार, किंचित पिवळसर झाकेपुढे लगेच वेगळा पडतो. शिवाय गाडीच्या दाराच्या उंबऱ्यावरील अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत ते बसवले असताना जुलैमध्ये गुहागरला आठ दिवस राहून आलो आणि परतल्यावर प्रत्येक स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमलेली दिसली. खारट ओलाव्यात या दोन धातूंची जोडी झाली की झीज अ‍ॅल्युमिनियमची होते. स्क्रू शाबूत राहतो आणि पट्टी खाल्ली जाते. स्क्रू बाजारात मिळतो, ती पट्टी मिळत नाही. आता तेथे निकेल प्लेटिंगचे साधे स्क्रू आहेत आणि त्यांच्या आट्यांना ग्रीस लावले आहे.

क्लिपा बदलण्यापूर्वी पॅडच्या मागचा हार्डबोर्डही पाहून घ्यावा. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरते आणि दाराच्या तळाची छिद्रे बुजलेली असली की ते आतच साचते. मग पत्रा आणि पॅड यांमधील प्लॅस्टिकचा कागद फाटलेला असल्यास हार्डबोर्ड फुगून क्लिपेचे घर सैल होते. माझ्या मागच्या डाव्या दारात तसेच झाले आहे. तेथील दोन क्लिपा चांगल्या असूनही पकड घेत नाहीत, आणि हार्डबोर्ड नवा कापून घेईपर्यंत तो कोपरा हाताने दाबूनच दार लावावे लागते.