घरून व्यवसाय करणाऱ्यांनो, 'झोन दाखला' विकायला कुणी दारात आलं तर हे आधी वाचा

नाशिकमध्ये राहत्या फ्लॅटमधून मी पुरणपोळ्या, भाजणी आणि दिवाळीचा फराळ करून विकते. या कामाला लागणाऱ्या परवान्यांच्या नावाखाली एका माणसाने माझ्याकडून साडेअठरा हजार रुपये उकळले. आमच्याच भागातल्या आणखी दोघींना त्याने असेच कागद विकल्याचं नंतर कळलं, आणि तो अजून सापडलेला नाही. म्हणून सगळं नीट सांगते.

फराळाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली होती, तेव्हा तो आला. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. "महापालिकेच्या झोनिंग सर्व्हेसाठी आलोय" म्हणाला. फाइलमध्ये माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जाहिरातीची प्रिंट होती आणि एक नोटीस: निवासी विभागात विनापरवाना व्यावसायिक वापर. फ्लॅटला सील लागेल, मागच्या तीन वर्षांची घरपट्टी व्यावसायिक दराने भरावी लागेल, विजेचं मीटर कमर्शियल होईल, असं त्याने भराभर सांगितलं. सासूबाई रडायच्या बेतात आल्या. मग त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "ताई, तुम्ही घरच्या घरी करताय, तुमचं नुकसान मलाही नकोय. सगळं नियमित करून देतो." झोन दाखला, गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंदणी), फूड लायसन्स आणि उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), सगळं एकत्र. पैसे यूपीआयने, एका व्यक्तीच्या खात्यावर. पावती नंतर मिळणार होती.

या फसवणुकीची खरी ताकद हीच की त्याने घेतलेलं एकही नाव खोटं नव्हतं. चारही कागद अस्तित्वात आहेत. खोटं होतं ते त्या कागदांचं काम आणि त्यांची किंमत.

झोन दाखला जमिनीचा असतो. अमुक सर्व्हे नंबर किंवा गट नंबर विकास आराखड्यात निवासी विभागात येतो की शेतीच्या की आणखी कुठल्या, एवढंच नगररचना विभाग त्यात सांगतो. त्या दाखल्याने फ्लॅटमध्ये व्यवसाय करायला परवानगी मिळत नाही. आणि घरून काम करायला बंदी आहे, हेही सरसकट खरं नाही. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर राज्यभर २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात निवासी विभागात घरगुती व्यवसायाला जागा ठेवलेली आहे. घरातल्या माणसांनी, पगारी कामगार न ठेवता, घरात पूर्वापार होत आलेली शिवण-भरतकामासारखी कामं करावीत, हा त्यामागचा विचार. आपलं काम त्यात बसतं का, हे नगररचना विभागात लेखी अर्ज देऊन विचारता येतं.

गुमास्त्याचंही तसंच. २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आला तेव्हापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणी प्रमाणपत्र घ्यावं लागत नाही, नमुना 'एफ' मध्ये ऑनलाइन सूचना द्यायची असते. फूड लायसन्स म्हणून त्याने जे विकलं, ती खरं तर छोट्या व्यावसायिकांसाठीची एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मूळ नोंदणी. मी पुढे स्वतः केली तेव्हा वार्षिक उलाढाल बारा लाखांच्या आत असणाऱ्यांना तिची फी वर्षाला १०० रुपये होती. उद्यम नोंदणी तर १ जुलै २०२० ला सुरू झाल्यापासून पूर्ण मोफत आहे. साडेअठरा हजारांचा हिशेब यातून कुठे लागतो, तुम्हीच बघा.

त्याचं बिंग फुटलं ते एका दुकानदारामुळे. दुकानदार माझी भाजणी दुकानात ठेवायला तयार झाला आणि त्या माणसाने दिलेला, मी पाकिटावर टाकलेला फूड लायसन्सचा चौदा आकडी नंबर त्याने तिथल्या तिथे फॉसकॉस या एफएसएसएआयच्या पोर्टलवर तपासला. नंबर खरा निघाला, पण दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणाच्या तरी नावावर. शिवाय तो १ ने सुरू होत होता. परवान्याचे नंबर १ ने सुरू होतात, नोंदणीचे २ ने. माझ्यासारखीच्या पाकिटावर १ चा नंबर दिसतो, तिथेच शंका यायला हवी. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात नोटीस दाखवली, तर तिच्यावरचा जावक क्रमांक त्यांच्या नोंदवहीत नव्हताच. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे समजावलं, की खऱ्या नोटिशीवर विभागाचं नाव, अधिकाऱ्याचं पदनाम, सही आणि कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली ती काढली, हे सगळं लिहिलेलं असतं. कोणी कर्मचारी ती घेऊन घरी आला तरी पैसे त्याच्या हातात द्यायचे नसतात.

सगळ्यात जास्त त्रास मात्र अजून होतोय तो उद्यमचा. ते प्रमाणपत्र अस्सल आहे. माझ्या आधारवर आलेला ओटीपी वापरून त्याने नोंदणी केली, पण मोबाइल आणि ईमेल स्वतःचे टाकले. आता माझ्याच नोंदणीत शिरायचं तर ओटीपी त्याला जातो. व्यवसायाचा प्रकारही भलताच भरलाय. उद्या बँकेत कर्ज मागायला गेले तर हाच कागद पुढे येणार. जिल्हा उद्योग केंद्रात अर्ज दिला, छोट्या उद्योगांच्या तक्रारींसाठीच्या केंद्र सरकारच्या चॅम्पियन्स पोर्टलवर तक्रार टाकली, दुरुस्ती अजून झालेली नाही. पैसे गेल्याचं दुःख एक, आणि आपलं नाव परक्याच्या हातात अडकून पडणं दुसरं. कृपा करून उद्यमचा अर्ज स्वतःच्या मोबाइल नंबरवर, शक्य असेल तर घरातल्या मुलाला-मुलीला शेजारी बसवून भरा, आणि आधारचा ओटीपी कुणालाही सांगू नका.

त्याने कशाची भीती घातली ते सांगितलं, पण जे खरंच महत्त्वाचं आहे त्यातलं बहुतेक काही त्याच्या तोंडून आलं नाही. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे घराचा वापर बदलायचा तर सोसायटीला विचारावं लागतं. विक्रीच्या स्वयंपाकासाठी घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर चालत नाही, व्यावसायिक १९ किलोचा घ्यावा लागतो. मदतीला पगारी बाई ठेवली की नियमावलीतलं 'घरगुती' हे वर्णन लागू राहत नाही. आणि विजेबाबत त्याने धडधडीत खोटं सांगितलं. घराच्या एका भागातून व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिन्याला ३०० युनिट आणि वर्षाला ३६०० युनिटच्या आत असेल तर महावितरणच्या दरपत्रकात घरगुती दरच लागू आहे. घरपट्टीचा प्रश्न मात्र खराच असू शकतो. तो कर विभागातच विचारा, दारात आलेल्या माणसाला नव्हे.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे आणि सरकारी नोकर असल्याचं सोंग घेण्यासाठी कलम २०४. अर्जात दोन्हींचा उल्लेख केला. १९३० ला पैसे गेल्याबरोबर फोन केला तर रक्कम पुढे जाण्याआधी थांबवण्याची शक्यता असते. त्याचं बिंग उशिरा फुटल्यामुळे ती संधी गेली होती. आणि समोरचा खरोखरच सरकारी कर्मचारी असून लाच मागत असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

बाकी दोघींपैकी एकीने अजून तक्रार केलेली नाही. घरच्यांना कळेल, लोक काय म्हणतील, याची तिला भीती वाटते. मला ती समजते, पण एकच तक्रार आणि तीन तक्रारी यांत पोलिसांसाठी मोठा फरक पडतो. तुमच्याकडेही असा माणूस येऊन गेला असेल तर नोटीस, पाकीट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, त्याचे मेसेज, काहीही टाकून देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवरचं संभाषण पुसू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात जा, तुमचा जबाब स्वतंत्र नोंदवा आणि तक्रारीची पोच मागून घ्या.