मोझांबिकची गजरी तूर, लातूरचा भाव आणि सहा रविवारांचा अभ्यासवर्ग

लातूरच्या मोंढ्यात तुरीचा भाव उतरला की आडतीवर एकच कारण ऐकायला मिळते : ‘आफ्रिकेचा माल लागला.’ आफ्रिका म्हणजे जणू औशाच्या पलीकडचा एखादा तालुका. ही आफ्रिका नेमकी कोणती, तेथील सरकारे शेतीविषयी आपसांत काय ठरवतात आणि ठरवलेले कितपत पाळतात, हे एकदा नीट समजून घ्यावे म्हणून एका खासगी संस्थेच्या अभ्यासवर्गाला मी नाव नोंदवले. विषय आफ्रिकी देशांचे कृषी धोरणातील प्रादेशिक सहकार्य, सहा रविवार, दर वेळी तीन तास, शुल्क 1,800 रुपये. अशा विषयाला लातुरात कोण येणार, असे वाटले होते. पहिल्याच दिवशी शेजारच्या मंगल कार्यालयातून खुर्च्या आणाव्या लागल्या. त्यात डाळमिलवाले होते, शेतकरी कंपन्यांचे संचालक होते आणि दोन-तीन निवृत्त शिक्षकही होते.

पहिले दोन रविवार पार्श्वभूमीत गेले आणि ते थोडे लांबलेच. सार एवढेच, की 2003 साली मापुतो येथे आफ्रिकी संघाच्या देशांनी अर्थसंकल्पाचा किमान 10 टक्के हिस्सा शेतीला देण्याचे ठरवले आणि शेतीची वाढ वर्षाला 6 टक्के व्हावी असे लक्ष्य ठेवले. पुढे 2014 मध्ये मलाबो येथे ही वचने पुन्हा दिली गेली आणि 2025 पर्यंत भूक संपवण्याचे व आपसांतील शेतमालाचा व्यापार तिप्पट करण्याचे वचन त्यांत मिळवले गेले.

तिसऱ्या रविवारी मात्र पैसे वसूल झाले. प्रोजेक्टर बंद पडल्यामुळे सरांनी खडू हातात घेतला आणि मलाबोच्या वचनांचा दर दोन वर्षांनी होणारा आढावा निकालपत्रकासारखा फळ्यावर मांडला. 2018 च्या पहिल्या आढाव्यात माहिती देणाऱ्या 47 देशांपैकी 20 देश वचने पाळण्याच्या वाटेवर होते, दुसऱ्यात 4 उरले, 2022 मध्ये 51 देशांत एकटा रवांडा आणि 2024 मध्ये एकही नाही. मागच्या रांगेतले एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, ‘‘सर, आमच्या शाळेचा असा निकाल लागला असता तर साहेबांनी आम्हाला जिल्हा परिषदेत बोलावून उभं केलं असतं.’’ हशा ओसरल्यावर सरांनी जे सांगितले ते मी आजवर कोठे वाचले नव्हते : उत्तीर्ण होण्याची रेषा दर फेरीला वर सरकत होती. पहिल्या फेरीत 10 पैकी 3.94 गुण पुरेसे होते, चौथ्या फेरीत 9.29 लागत होते. म्हणजे देश मागे पडले असे सरसकट म्हणता येत नाही; मुदत जवळ आली तशी परीक्षा कठीण होत गेली. पन्नासच्या आसपास सरकारे आपले गुण अशी चारचौघांत लावू देतात, याचेच मला अधिक आश्चर्य वाटले.

बियाण्याचे सत्रही चांगले होते. दोन सदस्य देशांत मान्यता मिळालेले वाण सामाईक यादीत घालावे आणि मग ते गटातल्या इतर देशांतही विकता यावे, असा नियम ‘कोमेसा’ (पूर्व व दक्षिणेकडील आफ्रिकी देशांची सामाईक बाजारपेठ) आणि ‘सादेक’ (दक्षिणेकडील आफ्रिकी देशांचा विकास समुदाय) या दोन्ही गटांनी केला आहे. अडचण गटांच्याच गुंत्यात आहे. आपल्याकडे तूर पाठवणारे तीन शेजारी घ्या : मलावी दोन्ही गटांत, मोझांबिक फक्त सादेकमध्ये, तर टांझानिया सादेकबरोबर पूर्व आफ्रिकी समुदायात. हा गुंता समजावा म्हणून दिलेला रंगीत नकाशा संस्थेने काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर छापून वाटला, त्यामुळे सगळे गट एकाच राखाडी रंगाचे झाले. तक्रार केल्यावर पुढच्या रविवारी रंगीत प्रत देतो म्हणाले; ती सहाव्या रविवारपर्यंत आली नाही.

माझी मोठी नाराजी पाचव्या सत्राबद्दल आहे. व्यापार हा या सहकार्याचा खरा कस असताना तो घाईत गुंडाळला गेला. मार्च 2021 मध्ये केनियाने बुरशीच्या विषाचे कारण देऊन शेजारच्या युगांडा व टांझानियाचा मका अडवला आणि काही दिवसांतच अटी घालून सोडला, हे प्रकरण दोन मिनिटांत संपले. 2017 चा तर उल्लेखही नाही. त्या वर्षी 5,050 रुपये हमीभाव असताना मी एका खरेदी केंद्राबाहेर बारदान्याची वाट पाहत चार रात्री ट्रॉलीखाली काढल्या. त्याच ऑगस्टमध्ये भारताने तुरीच्या आयातीवर 2 लाख टनांची मर्यादा घातली, आणि जो मोझांबिकचा शेतकरी तूर खाण्यासाठी नव्हे तर मुख्यतः आपल्यासाठी पेरतो, त्याच्या मालाचे भाव कोसळले. आम्ही दोघे एकाच वर्षी बुडालो. शिवाय 2016 मध्ये मोझांबिकने आणि 2021 मध्ये मलावीने दिल्लीशी तुरीचे वेगवेगळे करार केले. मलावीचा वाटा वर्षाला 50,000 टन ठरला. घोषणापत्रे एकत्र करायची आणि गिऱ्हाइकापुढे एकेकट्याने उभे राहायचे, हे कसे, असे मी विचारले तेव्हा ‘चांगला प्रश्न आहे’ म्हणून चहाची सुट्टी झाली. चहा बरा होता.

टिपणांची पुस्तिका मलाबोवर थांबते. जानेवारी 2025 मध्ये कंपाला येथे 2026 ते 2035 चा नवा आराखडा मंजूर झाला, त्यात शेती-अन्नाचे उत्पादन 45 टक्क्यांनी वाढवण्याचे लक्ष्य आहे. हे सरांनी तोंडी सांगितले म्हणून वहीत आहे. 1,800 रुपये घेणाऱ्या संस्थेने दोन पाने नवीन छापायला हरकत नव्हती.

तुरीच्या किंवा मक्याच्या व्यापारात असलेल्यांनी हा वर्ग करावा. केवळ भावाचा अंदाज हवा असेल तर करू नये, तो येथे मिळत नाही. पुढचा वर्ग परभणीला होणार आहे असे सांगतात. जाणाऱ्यांनी पहिले दोन रविवार चुकवले तरी चालेल, तिसरा चुकवू नये, आणि आफ्रिकेचा रंगीत नकाशा घरूनच न्यावा.