दोन लेन्सचा संच आणि सेन्सरवरचा गुलाल : आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीत घेतलेला मिररलेस कॅमेरा आठ महिने रोज माझ्या पिशवीत आहे. २४ मेगापिक्सेल, एपीएस-सी (मध्यम आकाराचा) सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, ही माहिती सर्वांना ठाऊक आहे. मॉडेलचे नावही लिहीत नाही, कारण माझी तक्रार या किमतीतील अनेक कॅमेऱ्यांना लागू पडते. तक्रार धुळीची आहे.

१६-५० (जवळच्या, रुंद दृश्यासाठी) आणि ५०-२५० मिलिमीटर (दूरच्यासाठी) अशा दोन लेन्सचा संच सुट्या खरेदीपेक्षा बराच स्वस्त पडत होता, म्हणून तोच घेतला. ती बचत कशी महागात पडते, हे यंदा रंगपंचमीला इंदूरच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, कळले. कॅमेरा प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळला होता. परंतु राजवाड्यासमोर उंच उडणारा गुलाल जवळून टिपावा म्हणून एका दुकानाच्या ओट्यावर, आडोशाला उभे राहून, मी लेन्स बदलली. दहा-बारा सेकंदांचे काम होते. दुसऱ्या दिवशी इंदूरच्याच लालबागेत एफ/१६ वर (लेन्सचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, बरेच लहान ठेवून) काढलेल्या प्रत्येक फोटोत आकाशावर सात करडे ठिपके होते. एफ/४ वर तेच ठिपके दिसेनासे होत, कारण अ‍ॅपर्चर मोठे असले की कणाची सावली पसरून फिकी पडते.

डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, लेन्स काढली तरी सेन्सरपुढे आरसा आणि मिटलेले शटर (पडदा) असते. मिररलेसमध्ये आरसाच नसतो आणि शटर एरवी उघडे असते. काही मॉडेलमध्ये कॅमेरा बंद करताच शटर मिटते. माझ्या कॅमेऱ्यात ती सोय नाही. पहिला कॅमेरा घेणाऱ्याने मेगापिक्सेलच्या आधी हे विचारावे, आणि दुकानदाराला लेन्स काढायला लावून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

सेवाकेंद्रात ‘धूळ वॉरंटीत येत नाही’ असे सांगून सफाईचे १,८०० रुपये आणि दहा दिवस मागितले. आधी साधा रबरी ब्लोअर वापरून पाहा, एवढेही तेथे कोणी सुचवले नाही, याचा राग अजून गेलेला नाही. ३५० रुपयांचा ब्लोअर आणला, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून हवा मारली आणि सातपैकी सहा ठिपके गेले. (तोंडाने मात्र कधीही फुंकू नये, थुंकीचे शिंतोडे काचेवर चिकटतात.)

एप्रिलमध्ये कॅमेरा विकायचे मी ठरवले होते. ते मत जुन्या बाजारातून घेतलेल्या ३५ मिलिमीटर, एफ/१.८ लेन्सने बदलले. इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, संचातील लेन्स एफ/६.३ वर अडखळत असे. ही तिच्या सुमारे १२ पट प्रकाश आत घेते. कढईतल्या भुट्ट्याच्या किसाची वाफ, दिव्याखाली चमकणारी झाऱ्याची कड आणि परतणाऱ्याच्या कपाळावरचा घाम, हे सारे एकाच फोटोत स्वच्छ आले. मुख्य म्हणजे ही लेन्स काढावीशी वाटत नाही, त्यामुळे नवी धूळ शिरलेली नाही. म्हणून माझा राग आता कॅमेऱ्यावर नसून त्या स्वस्त संचावर आहे; रोजच्या फोटोंसाठी नुसती बॉडी आणि अशी एकच लेन्स घ्यावी. ५०-२५० लागणारच असेल, तर मी ती घरीच लावून निघतो.

सातवा ठिपका वरच्या डाव्या कोपऱ्यात अजून आहे.